रॉजर, विल्को, स्क्वॉक, मेडे : वैमानिक आणि कंट्रोलर रेडिओवर नेमकं काय बोलतात?

विमान धावपट्टीकडे निघालेलं असतं. मागे प्रवासी सीटबेल्ट लावत असतात, आणि पुढे कॉकपिटमध्ये साधारण असं काहीतरी ऐकू येत असतं:

“आयफ्लाय वन टू थ्री, रनवे टू सेव्हन, लाइन अप अँड वेट.”

“रनवे टू सेव्हन, लाइनिंग अप अँड वेटिंग, आयफ्लाय वन टू थ्री.”

शब्द ओळखीचे वाटतात, पण अर्थ लागत नाही. आयफ्लाय कोण? टू सेव्हन म्हणजे किती? आणि वैमानिकाने तेच वाक्य पुन्हा का म्हटलं? सिनेमात ऐकलेलं ‘रॉजर’ तर अनेकांना ‘हो’ असंच वाटतं. तसं ते नाही.

या भाषेला रेडिओटेलिफोनी म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, तिचे नियम ठरवते आणि भारतासह बहुतेक देश ते पाळतात. नियमांचं सार दोन ओळींत सांगता येतं: एका शब्दाला एकच अर्थ, आणि ऐकलेलं महत्त्वाचं सगळं परत म्हणून दाखवायचं. हे दोन नियम किती महागात शिकावे लागले, तेही या लेखात बघू.

आधी रेडिओ समजून घेऊ

विमानांचा नेहमीचा रेडिओ व्हीएचएफ पट्ट्यात, साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो. आपल्या एफएम गाण्यांचा पट्टा १०८ ला संपतो, त्याच्या थोडा वर. एका कंट्रोलरच्या हाताखालची सगळी विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. बोलायचं असेल तर बटण दाबून ठेवायचं, ऐकायचं असेल तर सोडायचं. फोनसारखं दोघांनी एकाच वेळी बोलता येत नाही. एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं.

दोघांनी एकदम बटण दाबलं तर? बाकीच्यांना शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो आणि दोन्ही निरोप बिघडतात. अशा वेळी कुणीतरी ‘ब्लॉक्ड’ म्हणतं, म्हणजे निरोप अडला, पुन्हा बोला. ही शिट्टी उपयोगाचीही आहे. विमानांचा हा रेडिओ अजूनही एएम पद्धतीचा आहे. एफएममध्ये जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला पार दाबून टाकतो, त्यामुळे दुसरं कुणी बोलत होतं हेच कळत नाही. एएममध्ये निदान दोघं बोलले एवढं तरी समजतं.

व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पस्तीस हजार फुटांवरच्या विमानाशी सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत बोलता येतं. अरबी समुद्रावर त्यापुढे गेलं की लांब पल्ल्याचा पण खरखरीचा एचएफ रेडिओ वापरतात, किंवा थेट पडद्यावर लेखी संदेश पाठवतात.

एका उड्डाणात वैमानिक एकाच माणसाशी बोलत नाही. विमानतळाच्या जमिनीवर ‘ग्राउंड’, धावपट्टीसाठी ‘टॉवर’, आसपासच्या आकाशात ‘अप्रोच’, आणि लांबच्या मार्गावर ‘एरिया कंट्रोल’. एकाकडून दुसऱ्याकडे पाठवताना ‘कॉन्टॅक्ट’ म्हटलं तर नव्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन स्वतः हाक मारायची. ‘मॉनिटर’ म्हटलं तर फक्त ऐकत राहायचं, समोरचा बोलावेल.

नावं, अक्षरं आणि आकडे

प्रत्येक विमानाला रेडिओवर हाक मारायचं एक नाव असतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. ते कंपनीच्या नावासारखंच असेल असं नाही. इंडिगोची विमानं ‘आयफ्लाय’ असतात, ब्रिटिश एअरवेजची ‘स्पीडबर्ड’. विमान १३६ टन किंवा त्याहून जास्त वजनाच्या गटातलं असेल तर नावापुढे ‘हेवी’ लागतं, आणि एअरबस ए३८० साठी ‘सुपर’. ही मोठेपणाची पदवी नव्हे. मोठ्या विमानाच्या मागे हवेचे जोरदार भोवरे राहतात, म्हणून मागच्याने जास्त अंतर ठेवायचं, एवढं त्यातून कळतं.

अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी ठरलेली नावं आहेत. भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाचा क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो, तो रेडिओवर ‘व्हिक्टर टँगो’ होतो. आपण फोनवर ‘ब बदकातला’ म्हणतो, तीच युक्ती.

आकड्यांची भानगड तर मराठी माणसाला लगेच पटेल. मोबाईल नंबर सांगताना ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’, ‘एकोणऐंशी’ यांचा किती घोळ होतो ते आठवा. शेवटी आपण ‘सहा-नऊ’ असं सुटं करून सांगतो. रेडिओवरही दिशा, वेग, फ्रिक्वेन्सी यांतला बहुतेक आकडा सुटा उच्चारतात. शिवाय काही उच्चार मुद्दाम बदललेले आहेत: थ्रीचा ‘ट्री’, फाइव्हचा ‘फाइफ’, नाईनचा ‘नायनर’. फाइव्ह आणि नाईन खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून नाईनला शेपूट जोडलं.

धावपट्टीचा आकडा म्हणजे होकायंत्रावरची तिची दिशा, शेवटचं शून्य काढून. मुंबईची मुख्य धावपट्टी एका बाजूने ‘झीरो नाईन’, म्हणजे साधारण ९० अंश, पूर्वेकडे. दुसऱ्या बाजूने ‘टू सेव्हन’, म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिमेकडे. पट्टी एकच, पण नाव कुठल्या दिशेने वापरता त्यावर.

रोज कानावर पडणारे शब्द

* रॉजर : तुमचा निरोप पूर्ण मिळाला. बस, एवढंच. ‘हो’, ‘पटलं’ किंवा ‘करतो’ असा अर्थ यात नाही. हो-नाहीच्या प्रश्नाला रॉजर हे उत्तर चालत नाही.
* विल्को : ‘विल कम्प्लाय’चं छोटं रूप. निरोप समजला आणि तसं करतो. म्हणून सिनेमातलं ‘रॉजर विल्को’ म्हणजे एकच गोष्ट दोनदा.
* अफर्म : हो. पूर्ण ‘अफर्मेटिव्ह’ म्हणत नाहीत, कारण सुरुवात कापली गेली तर ते आणि ‘नेगेटिव्ह’ दोन्हींचं शेपूट सारखंच ऐकू येतं. हो आणि नाहीमध्ये गफलत परवडत नाही.
* स्टँडबाय : थांबा, मी बोलावतो. ही परवानगी नाही आणि नकारही नाही.
* से अगेन : पुन्हा सांगा. इथे ‘रिपीट’ टाळतात. लष्करी तोफखान्याच्या रेडिओवर रिपीटचा अर्थ पुन्हा मारा करा असा आहे.
* अनेबल : जमणार नाही. कंट्रोलरची सूचना सुरक्षित वाटत नसेल तर वैमानिक हा शब्द वापरू शकतो. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी धडकून दोन्ही इंजिनं बंद पडली, तेव्हा कंट्रोलरने ला गार्डिया विमानतळाची धावपट्टी देऊ केली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी ‘अनेबल’ सांगितलं आणि विमान हडसन नदीत उतरवलं. सगळे १५५ जण वाचले.
* होल्ड शॉर्ट : धावपट्टीच्या अलीकडच्या रेषेवर थांबा, पुढे यायचं नाही.
* लाइन अप अँड वेट : धावपट्टीवर या, दिशा धरून उभे राहा, उड्डाण करू नका. अमेरिकेत यासाठी ‘पोझिशन अँड होल्ड’ म्हणत. २०१० मध्ये त्यांनीही जगाचा शब्द घेतला.
* गो अराउंड : उतरणं सोडा, इंजिनांचा जोर वाढवून पुन्हा वर जा आणि फेरी मारून या. प्रवाशांना धडकी भरते, पण ही ठरलेली आणि सरावाची क्रिया आहे. पुढचं विमान वेळेत धावपट्टीवरून हटलं नाही एवढंही कारण पुरतं.

उंची आणि स्क्वॉक

जमिनीजवळ उंची फुटांत सांगतात. खूप वर गेल्यावर ‘फ्लाइट लेव्हल’ येते. ‘फ्लाइट लेव्हल ट्री फाइफ झीरो’ म्हणजे साधारण ३५,००० फूट. वेगळं नाव कशाला? कारण विमानाचं उंचीमापक हवेच्या दाबावर चालतं आणि दाब गावोगावी वेगळा असतो. खाली उतरताना वैमानिक त्या ठिकाणचा दाब लावतो. कंट्रोलर तो आकडा ‘क्यूएनएच’ म्हणून सांगतो. क्यूएनएच ही तारायंत्राच्या जमान्यातली सांकेतिक अक्षरं आहेत, आजही टिकलेली. वरच्या आकाशात मात्र सगळे १०१३ हेक्टोपास्कल हा एकच दाब लावतात. आकडा खऱ्या उंचीशी तंतोतंत जुळला नाही तरी चालतं, कारण सगळ्यांची चूक सारखीच असते आणि दोन विमानांमधलं अंतर राहतं.

‘स्क्वॉक’ म्हणजे पोपटाची किंचाळी. दुसऱ्या महायुद्धात शत्रू-मित्र ओळखणाऱ्या यंत्राला ‘पॅरट’ हे गुप्त नाव होतं, तिथून हा शब्द आला असं सांगतात. आज त्याचा अर्थ: ट्रान्सपॉन्डर या यंत्रावर सांगितलेला चार आकडी कोड लावा. मग रडारच्या पडद्यावर कुठला ठिपका कुणाचा ते कळतं. प्रत्येक आकडा ० ते ७ मधलाच, म्हणून एकूण ४,०९६ कोड होतात. त्यातले तीन राखीव आहेत: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे आणीबाणी. तोंडाने बोलता येत नसलं तरी हे तीन आकडे बोलतात.

परत म्हणून दाखवा

धावपट्टी, उंची, दिशा, वेग, दाबाचा आकडा, स्क्वॉक कोड आणि कुठलीही परवानगी, हे सगळं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. याला रीडबॅक म्हणतात. पण काम तिथे संपत नाही. कंट्रोलरने ते रीडबॅक नीट ऐकून चुकलेलं तिथल्या तिथे दुरुस्त करायचं असतं. हा दुसरा भाग सुटला तर पहिल्याचा काही उपयोग नाही.

१९ फेब्रुवारी १९८९. फ्लाइंग टायगर कंपनीचं बोइंग ७४७ मालवाहू विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होतं. कंट्रोलर म्हणाला, “डिसेंड टू फोर झीरो झीरो.” त्याला म्हणायचं होतं २,४०० फुटांवर या. वैमानिकाने ऐकलं ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’, आणि त्यापुढे फोर झीरो झीरो, म्हणजे ४०० फूट. त्याने रीडबॅकही तसंच दिलं: “ओके, फोर झीरो झीरो.” कंट्रोलरने ते दुरुस्त केलं नाही. कॉकपिटमधला जमीन जवळ आल्याचा इशाराही मनावर घेतला गेला नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चौघे गेले.

आकडा दोनचा ‘टू’ आणि ‘पर्यंत’वाला ‘टू’ यांचा उच्चार एकच. म्हणूनच उंची सांगताना ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ असं हजार-शेकड्यात आणि ‘फीट’ जोडून म्हणण्याचा नियम इतक्या काटेकोरपणे पाळायचा असतो.

‘टेकऑफ’ हा शब्द इतका जपून का?

वैमानिक आणि कंट्रोलर ‘टेकऑफ’ हा शब्द दोनच वेळा वापरतात: उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देता-घेताना, किंवा ती रद्द करताना. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’ म्हणायचं. यामागे विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वात मोठा अपघात आहे.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांमधल्या ग्रान कॅनारिया विमानतळावर बॉम्बस्फोट झाला, म्हणून बरीच विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस या छोट्या विमानतळावर वळवली होती. दाट धुकं होतं. नेदरलँड्सच्या केएलएम कंपनीचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. त्याच धावपट्टीवर, धुक्यात न दिसणारं, अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमचं दुसरं ७४७ चालत येत होतं. टॉवरमधून तेही दिसत नव्हतं आणि जमिनीवरचं रडार तिथे नव्हतं.

कंट्रोलरने केएलएमला उड्डाणानंतर कुठल्या मार्गाने जायचं ते सांगितलं. ही मार्गाची परवानगी होती, उडण्याची नव्हती. पण तिच्यात ‘आफ्टर टेकऑफ’ हे शब्द होते. केएलएमच्या सहवैमानिकाने रीडबॅक दिलं आणि शेवटी म्हणाला, “वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ.” विमान तोवर धावू लागलं होतं. कंट्रोलरला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी उभे आहेत. तो म्हणाला, “ओके,” आणि जरा थांबून, “स्टँडबाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू.” नेमक्या त्याच क्षणी पॅन अ‍ॅमने बटण दाबून सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.

दोघं एकदम बोलले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ एवढं स्पष्ट पोचलं, पुढच्या निरोपांवर शिट्टी वाजली. दोन्ही विमानांतले मिळून ५८३ जण मरण पावले.

त्या दिवशी रेडिओवर कुणीही खोटं बोललं नव्हतं. ‘अ‍ॅट टेकऑफ’चे दोन अर्थ निघत होते आणि ‘ओके’ला तर नेमका अर्थच नव्हता, एवढं पुरेसं झालं. त्यानंतर परवानगीला नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ हे उत्तर बंद झालं आणि टेकऑफ हा शब्द राखीव झाला.

संकटाचे शब्द

* मेडे, मेडे, मेडे : जीव धोक्यात आहे, ताबडतोब मदत हवी. फ्रेंच भाषेत ‘मला मदत करा’ याचा उच्चार साधारण असाच होतो. १९२० च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो सुचवला. तिथली बरीच ये-जा पॅरिसशी होती, म्हणून दोन्हीकडे समजेल असा शब्द हवा होता.
* पॅन-पॅन : हाही तीनदा म्हणतात. परिस्थिती तातडीची आहे, पण जीव लगेच धोक्यात नाही. उदाहरणार्थ, विमानात कुणी प्रवासी गंभीर आजारी आहे.
* मिनिमम फ्युएल : इंधन इतकंच आहे की आता आणखी उशीर चालणार नाही. ही आणीबाणी नाही, पूर्वसूचना आहे. आणीबाणी असेल तर ‘मेडे फ्युएल’ म्हणायचं.
* सोल्स ऑन बोर्ड : विमानात एकूण जीव किती? प्रवासी, तान्ही बाळं आणि कर्मचारी सगळे धरून. ‘प्रवासी किती’ विचारलं तर कर्मचारी सुटू शकतात. बचाव पथकाला खरा आकडा लागतो.

ठरलेला शब्द न वापरल्याने काय होतं, ते २५ जानेवारी १९९० ला दिसलं. कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कजवळ खराब हवामानामुळे खूप वेळ घिरट्या घालत होतं. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ हवी असं सांगितलं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं. पण ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. गर्दीच्या वेळी इंधन कमी असल्याचं अनेक विमानं सांगतात, त्यामुळे कंट्रोलरांना त्यातली निकड कळली नाही. इंजिनं एकेक करून बंद पडली आणि विमान कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. संकटात संकोच नको, ठरलेला शब्दच म्हणा, हे आज प्रत्येक शिकाऊ वैमानिकाच्या मनावर बिंबवतात.

चरखी दादरी आणि भाषेची परीक्षा

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि दिल्लीला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन ७६. ३४९ जणांचा मृत्यू झाला. हवेतल्या टकरींमधला हा आजवरचा सर्वात भीषण अपघात.

सौदी विमानाला फ्लाइट लेव्हल १४० दिली होती, कझाक विमानाला १५०. मध्ये हजार फुटांचं अंतर. चौकशीत निघालं की कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. त्या विमानात कंट्रोलरशी बोलण्याचं काम वैमानिकांकडे नव्हतं, वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं. समोरून विमान येतंय हे त्यांना सांगितलं गेलं होतं. पण इंग्रजीत आलेला निरोप एकाने ऐकायचा आणि विमान दुसऱ्याने चालवायचं, यात मधला वेळ आणि अर्थ दोन्ही निसटू शकतात.

यानंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यावर आणि विमानात टक्कर टाळणारं टीकॅस यंत्र सक्तीचं करण्यावर भर आला. या यंत्राचा स्वतःचा शब्दही रेडिओवर आहे: वैमानिक ‘टीकॅस आरए’ म्हणाला, तर तो यंत्राच्या आदेशाप्रमाणे वर किंवा खाली जातो आहे. मग ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ऐकू येईपर्यंत कंट्रोलरने त्याला वर-खाली जायला सांगायचं नाही.

अशा अपघातांनंतर आयकाओने भाषेची परीक्षाही आणली. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकाला आणि कंट्रोलरला सहापैकी निदान चौथ्या पातळीचं इंग्रजी यावं लागतं. ठरलेले शब्द नव्वद टक्के कामाला पुरतील असं समजलं, तरी कधीतरी असं काही घडतं की ज्याला ठरलेला शब्दच नसतो. तेव्हा साध्या, सरळ वाक्यात सांगता आलं पाहिजे. उच्चार ब्रिटिश किंवा अमेरिकनच हवा अशी अट नाही. मराठी वळणाचं इंग्रजीही चालतं, फक्त समोरच्याला पहिल्या फटक्यात कळलं पाहिजे.

आता पहिला संवाद पुन्हा वाचा

“आयफ्लाय वन टू थ्री, रनवे टू सेव्हन, लाइन अप अँड वेट.” कुणाला, कुठे, काय, तिन्ही एका दमात. उत्तरात जागा आणि सूचना परत म्हटली, शेवटी स्वतःचं नाव. आता थोड्या वेळाने येणारं पुढचं वाक्य तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही:

“आयफ्लाय वन टू थ्री, विंड टू सिक्स झीरो डिग्रीज, एट नॉट्स, रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड फॉर टेकऑफ.”

वारा २६० अंशांकडून, म्हणजे जवळजवळ समोरून, ताशी साधारण १५ किलोमीटर. आणि शेवटी तो राखीव शब्द. वैमानिक धावपट्टी आणि परवानगी दोन्ही परत म्हणतो, कंट्रोलर ते कान देऊन ऐकतो, आणि मगच विमान धावू लागतं.